सातीवुस म्हणजे पेरीव

आमच्या मळ्यातली चिंधी बांधलेली काकडी मी तोडली. तोडली ती तोडली, वर ती प्रदर्शनात नेऊन मांडली आणि तिच्यापुढे तिच्या लॅटिन नावाची पाटी उभी केली.

ज्यांनी काकडी फक्त पिशवीत पाहिली आहे त्यांना यात काय एवढं, असं वाटेल. म्हणून आधी चिंधीचं सांगतो. वेल जोमात असताना एखादं सरळ अंगाचं, जाड देठाचं फळ हेरायचं आणि त्याच्या देठाला जुन्या लुगड्याची चिंधी बांधायची. बांधली की ते फळ बियाण्याचं झालं. ते वेलावरच मोठं होणार, पिवळं पडणार, मग तांब्याच्या घागरीसारखं लालसर होणार आणि त्याच्या पोटातल्या बियांवर पुढच्या सालचा वेल उभा राहणार. त्याला घरातल्या पोरांनी हात लावायचा नाही, गिऱ्हाइकाने कितीही गळ घातली तरी द्यायचं नाही. आमच्या भागातले चोरसुद्धा हे पाळत. वेल ओरबाडून नेत, पण चिंधीचं फळ जिथल्या तिथे ठेवून जात. तेव्हा माळ्याच्या घरात जन्मलेल्या, मिसरूड फुटलेल्या मुलाने ते तोडणं म्हणजे सोनाराच्या मुलाने आईचं मंगळसूत्र, वितळतं कसं ते बघावं म्हणून, मुशीत टाकण्यासारखं होतं. चिंधी मला दिसलीच नाही, असं मी पुढे बरीच वर्षं लोकांना सांगत असे. दिसली होती. मी तिची गाठ सोडवून, नीट घडी करून ती खिशात ठेवली होती.

आमचा मळा नासर्डीच्या काठाला होता. आज तिथे काय आहे ते विचारू नका. परवा नातवाने गाडीतून नेऊन दाखवलं, तर विहिरीच्या जागी एका इमारतीचं तळघर आणि त्यात ओळीने लावलेल्या गाड्या. मी म्हटलं, "इथे थारोळं होतं, मोटेचं पाणी इथे पडायचं." तो म्हणाला, "आजोबा, इथे थांबायला मनाई आहे." त्या काळी मला जाग यायची ती मोटेच्या चाकाने. चाक कण्हल्यासारखं कुरकुरायचं, मग मोट वर येऊन थारोळ्यात भसकन पाणी ओतायची, मग आबांचा, म्हणजे वडिलांचा, बैलांना चुचकारण्याचा आवाज, मग पुन्हा चाक. वारा गंगेकडून, म्हणजे गोदावरीकडून, असला तर पलीकडच्या तांबट आळीतले ठोके त्यात मिसळायचे. घरात आई भाकऱ्या थापत असायची. तिच्या थापण्यावरून तिचा त्या दिवशीचा राग किती आहे ते आम्हाला अंथरुणातच कळत असे, आणि आबा तर विहिरीवरून ऐकून ठरवत, की आज न्याहारीला घरी यायचं का भाकरीचं फडकं मळ्यातच मागवायचं. भाकरीबरोबर लसणाचा ठेचा आणि दिवस असतील तेव्हा काकडी. कापायची, मीठ लावायची, खायची. बस्स.

आमच्या काकडीची एक गंमत होती. सगळं जग काकडीचं डोकं कापतं आणि ती चकती कापलेल्या तोंडावर गोल गोल घासून कडूपणाचा फेस काढतं. आमची घासावी लागत नसे. देठापर्यंत गोड. आई बाजारात गंगेच्या काठावर भाजीची पाटी मांडून बसली, की बाकीच्या बाया ओरडून विकत आणि आई नुसती बसून असे. गिऱ्हाइकं येऊन विचारत, "न घासायची काकडी कुठे बसते?" आईला त्या काकडीमुळे नाव होतं, आणि तिच्या आयुष्यात तिच्या स्वतःच्या नावावर एवढी एकच गोष्ट होती. ते बियाणं तिने लग्नात माहेराहून पदराला बांधून आणलं होतं. माहेरची जमीन पुढे धरणाच्या पाण्याखाली गेली. भाऊ पोटासाठी कुठे कुठे पांगले. तिचं म्हणून जे काही मागे राहिलं होतं ते आमच्या घरात आढ्याला टांगलेल्या एका वाळक्या भोपळ्यात, राखेत घोळवून ठेवलेलं होतं.

त्या वर्षी उंदरांनी तो भोपळा कुरतडला. राख खाली सांडलेली आणि बियांची टरफलं तिच्यावर पसरलेली, असं एका सकाळी दिसलं. जे काही हाती लागलं ते आईने पावसाच्या तोंडाला टोकलं. वेल आले, आणि ऐन फुलावर असताना त्यांच्यावर भुरी पडली. पानांवर कोणीतरी पीठ चाळावं तशी. एकेक वेल पांढरा होऊन बसला. वाचला तो एक, आणि त्याला धरलेलं फळही एकच. आईने आपल्या नेसूच्या लुगड्याच्या काठाची चिंधी फाडून त्याला बांधली. जुनं लुगडं घरात नव्हतं असं नाही. मी विचारलं तर म्हणाली, "एवढीच हाय तर तिला चांगलं नको नेसवाया?"

आता माझ्या लॅटिनकडे वळतो. माळ्याच्या पोराला लॅटिन कशाला, हा प्रश्न नाशकात त्या वेळी सगळ्यांनी विचारला. मी एकाही माणसाला खरं उत्तर दिलं नाही, ते असं की संस्कृतच्या वर्गात पोरं खच्चून भरलेली होती आणि शास्त्रीबोवा छडी घेऊन फिरत. लॅटिनला आम्ही मोजके तीन. कमी पोरं म्हणजे कमी मार, असा माझा हिशोब. गर्दीत लपता येतं, तिघांत लपता येत नाही, हे मला पहिल्याच तासाला कळलं. शिकवायला लोपीस मास्तर. मूळचे वसईकडचे, ख्रिस्ती, घरची केळीची वाडी. काळा कोट, त्याच्या खिशात तपकिरीची डबी. मारत नसत. चुकलं की नुसते खिडकीबाहेर बघत, आणि त्यांच्या तोंडावर अशी काही कळा यायची की छडी बरी वाटे.

एका दिवशी त्यांनी फळ्यावर एक विशेषण लिहिलं. सातीवुस. म्हणाले, "याचं मूळ सेरो, म्हणजे मी पेरतो. सातुम म्हणजे पेरलेलं. त्यावरून सातीवुस. जे माणसाने पेरून आणलं ते. रानात आपोआप उगवलं ते सिल्वेस्ट्रिस." आणि मग विशेषण नामाच्या मागे कसं चालतं ते सांगितलं. पुल्लिंगी नाम असेल तर सातीवुस, स्त्रीलिंगी असेल तर सातीवा, नपुंसकलिंगी असेल तर सातीवुम. बाकीचे दोघे डोकं धरून बसले. मला हसू फुटलं, कारण हे तर आमच्या घरात रोज चाललेलं होतं. पेरलेला मुळा, पेरलेली मेथी, पेरलेलं गाजर. इंग्रजाला हे कधी जमलं नसतं, त्याच्याकडे सगळ्यांना एकच सदरा. मी उभा राहून म्हटलं, "सर, आणि आपल्यात कोरीव, पाळीव, ऐकीव म्हणतात, तसं हे पेरीव झालं. शेपूटसुद्धा तेच." लोपीस मास्तरांनी तपकीर घेतली, शिंकले आणि म्हणाले, "योगायोग आहे, दामोदर. पण सुरेख योगायोग आहे. फरक इतकाच, की तुमचं पेरीव कुणाहीपुढे बदलत नाही, आणि आमचं प्रत्येकापुढे वाकतं." शाळेत माझं कौतुक झाल्याचा माझ्या आठवणीतला तो एकच प्रसंग. त्याने माझं डोकं फिरलं.

पुढे कितीतरी दिवस मी मळ्यात सातीवुस चालवत फिरत होतो. मोट धरायची पाळी आली, की बैल धावेवरून उताराला लागले की एकवचन, मागे हटले की अनेकवचन. सातीवुस, सातीवी, सातीवो. आबा एकदा विहिरीच्या काठावरून म्हणाले, "पोरा, बैल बुजत्यात. त्यांना इंग्रजी कळत नाय."

"इंग्रजी नाही आबा, लॅटिन."

"मंग तर आणखीनच."

आईला मी वांगी निवडता निवडता समजावून सांगितलं, की तिकडे काकडी पुरुष आहे, म्हणून सातीवुस. भात ही बाई, म्हणून सातीवा. आणि लसूण धड हा नाही धड ती नाही, म्हणून सातीवुम. आईने एक किडकं वांगं बाजूला टाकलं. "काकडी पुरुष?"

"हो."

"आन् हे ठरवाया कोण बसलंय तिकडं? कधी येल लावलाय का त्यानं?"

मी म्हटलं, तसं नसतं, लिंग शब्दाचं असतं, वस्तूचं नसतं. ती म्हणाली, "मंग शब्दच खा आज. भाकरीसंगं." आणि खरोखर त्या दिवशी मला ताटात ठेचा उशिरा मिळाला.

दसरा होऊन गेल्यावर गोल्फच्या मैदानाशेजारी मांडव घालून फळं-फुलं-भाज्यांचं प्रदर्शन भरायचं होतं. कलेक्टरसाहेब आणि मडमसाहेब येणार. शाळेने अंगावर घेतलं, की प्रत्येक भाजीपुढे तिच्या शास्त्रीय लॅटिन नावाची पाटी ठेवायची. लोपीस मास्तरांनी ते काम माझ्याकडे दिलं. माळ्याचा मुलगा आणि लॅटिनचा विद्यार्थी, असा दुसरा प्राणी सगळ्या नाशकात नव्हता. मी बोरू टाकून जाड निबाची लेखणी आणली, पुठ्ठे कापले, आणि मन लावून पाट्या लिहिल्या. मुळ्याची, लसणाची, कोथिंबिरीची, वाटाण्याची. त्यातली सगळ्यांत सुंदर उतरली ती कुकुमिस सातीवुसची, म्हणजे काकडीची. त्यातला मोठा 'सी' असा वळणदार, की मी तो पुन्हा पुन्हा दूर धरून पाहत होतो. आणि मांडवात माल येऊ लागला तेव्हा कळलं, की त्या भुरीने सगळ्यांच्याच काकड्या नेल्या आहेत. ठेवण्यासारखी काकडी कुणाचीच आली नव्हती. माझी पाटी तयार आणि तिच्यामागे काही नाही.

त्या सकाळी आई बाजाराला गेली होती, आबा मोटेवर होते. मी वेलापाशी जाऊन उभा राहिलो. माझा विचार पूर्णपणे मूर्खपणाचा होता असं मी आजही म्हणणार नाही. फळ पिकलेलंच होतं. आई चार-दोन दिवसांत ते तोडून घरात ठेवणार होती. घरातल्या कोपऱ्यात बसण्याऐवजी ते मांडवात बसेल, मान मिळवेल आणि संध्याकाळी मी ते तसंच परत आणीन. बियांना काय कळतंय, त्या कुठे बसल्या आहेत? हा सगळा युक्तिवाद मी इतक्या नीटपणे मांडला होता, की आईला विचारायचं तेवढं राहून गेलं.

मांडवात काकडी पांढऱ्या फडक्यावर, झेंडूच्या वळ्यात ठेवली. हातभर लांब, तांबूस, अंगावर बारीक जाळी. तिच्याशेजारी मुळे पोरकट दिसत होते. मला छातीवर लावायला एक फीत मिळाली होती आणि काम होतं मालाला कुणी हात लावू नये हे बघायचं. सकाळपासून येणाऱ्या प्रत्येकाला मी तेच सांगत होतो. शेतकी खात्याचे एक पाहुणे परीक्षक आले, त्यांनी चष्मा वर करून काकडी पाहिली, पाटी पाहिली, पुन्हा काकडी पाहिली आणि टाचणीने निळ्या फितीचं फूल लावलं. पहिला नंबर. माझे पाय जमिनीवर नव्हते. दुपारी बाजार उठल्यावर भाजीवाल्या बाया घोळक्याने प्रदर्शन बघायला आल्या. त्यांतली एक टेबलाशी आली, थांबली आणि तिने हात पुढे केला. मी मान वर न करता म्हटलं, "बाई, हात लावू नका."

हात तसाच राहिला. हिरव्या बांगड्या, अंगठ्याला विळ्याची जुनी खूण. मग मी वर पाहिलं.

आई ओरडली नाही. ती इतकंच म्हणाली, "चिंधी कुठं हाय?" मी खिशातून काढून दिली. तिने ती कमरेला खोचली. मी भरभर सांगू लागलो, की संध्याकाळी परत आणतो, अगं पहिला नंबर आलाय, तुझ्याच काकडीचा आलाय. ती म्हणाली, "आणशील ना?" मी म्हटलं, "म्हणजे काय!" तेवढ्यात मडमसाहेब आल्या, लोक मागे सरकले आणि आई त्या गर्दीबरोबर मागे ढकलली गेली. मडमसाहेब काकडीपुढे बराच वेळ उभ्या राहिल्या. पाटी मोठ्याने वाचली. माझ्याकडे बघून हसल्या. बाई चांगली होती, तिच्यावर माझा कधीही राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. कुणाला तरी नावं ठेवता आली असती.

आता मला एक गोष्ट माहीत नव्हती, आणि ती मांडवातल्या प्रत्येक म्हाताऱ्याला माहीत होती. साहेब येऊन गेला की त्याच्या बंगल्यावर डाली जायची. डाली म्हणजे फळाभाजीची सजवलेली परडी. मागायची कुणाची हिंमत नसे आणि न देण्याचीही नसे. आमच्यातल्याच चार पागोटेवाल्यांनी ठरवलं, की नंबरात आलेला सगळा माल डालीत घालायचा. मी मंडपाच्या मागे पाणी प्यायला गेलो होतो. परत येतो तर टेबलावर नुसतं फडकं आणि झेंडूचं वळं. परडी टांग्यात चढवली जात होती. तळाला मुळे, मग वाटाणे, आणि सगळ्यांच्या वर काकडी, पाटीसकट. मी धावलो. "अण्णा, ती काकडी काढून द्या. ती बियाण्याची आहे."

अण्णा आमच्या शेजारच्या मळ्याचे मालक. बियाण्याची म्हटल्यावर त्यांचाही चेहरा उतरला. "मुडद्या, चिंधीची तोडलीस?" ते हळूच म्हणाले. मग टांग्याकडे बघितलं, साहेबाच्या पट्टेवाल्याकडे बघितलं. "आता सगळ्यांसमोर साहेबाच्या डालीतून काकडी काढू? लोक काय म्हणतील? आन् साहेब काय म्हणंल?" टांगेवाल्याने चाबूक उडवला. मी टांग्याच्या मागे थोडा पळालो. पळून काय करणार होतो, ते आजही सांगता येणार नाही. छातीवरची फीत वाऱ्याने तोंडावर येत होती.

त्या संध्याकाळी घरात पिठलं होतं. आईने मला मारलं असतं, शिव्या दिल्या असत्या, तर मी जेवलो असतो. तिने वाढलं. आबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा आढ्याला लटकणाऱ्या कुरतडलेल्या भोपळ्याकडे, आणि ते बैलांना पेंड घालायला उठून गेले. पेंड आधीच घातलेली होती.

सकाळी मी लोपीस मास्तरांकडे गेलो. दुसरं कुणी माझ्या ओळखीचं नव्हतं ज्याला साहेबाशी बोलता येईल. त्यांनी सगळं ऐकलं आणि ते मारत नसत असं मी वर जे म्हटलं, ते तेवढ्यापुरतं खोटं ठरलं. एक चापट बसली. "बियाण्याचं फळ?" ते म्हणाले. "गाढवा, आमच्या वाडीत चोरसुद्धा..." कोट चढवला आणि निघाले. आई आमच्याबरोबर आली, पण बंगल्याच्या फाटकाशी थांबून म्हणाली, "तुमी फुडून जा मास्तर. मी मागल्या दारानं बगते. भाजी मागल्या दारानंच जाती."

मी आईच्या मागे गेलो. मागच्या अंगणात खानसामा रहीमचाचा भांडी विसळत होते. जुन्या नाशकातले, पांढरी दाढी, कमरेला टॉवेल. आईने पाया पडल्यासारखे हात जोडले आणि काकडी विचारली. चाचांनी माझ्याकडे पाहिलं. "लॅटिनवाला हाच का? अरे बेटा, ती टेबलावर मधोमध ठेवली होती. पाहुणे आले, सगळ्यांनी नाव वाचलं. मग बाईसाहेब म्हणाल्या, सूप करा. मी बोललो, मेमसाब, पिकलेली आहे, खायच्या कामाची नाही. म्हणाल्या, पहिल्या नंबरची आहे, कशी नाही? केलं. कोणी एक चमचा पण प्यायलं नाही."

"आन् बिया?" आई म्हणाली.

"बिया?" चाचांनी भिंतीकडे हात केला. राखेच्या ढिगाशेजारी कोंबड्या होत्या. लठ्ठ, विलायती, पांढऱ्या. एकीच्या चोचीला गराचा धागा अजून चिकटलेला होता. आई त्यांच्याजवळ जाऊन उकिडवी बसली. तिने कोंबड्यांना हाकललं नाही. बोटांनी माती चाळत राहिली. मी शेजारी बसलो आणि मीही माती चाळू लागलो. टरफलाचे तुकडे मिळाले, एक भोपळ्याची बी मिळाली. चाचासुद्धा हात पुसून खाली बसले. "बहेन, मला कुणी सांगितलं असतं," ते म्हणत राहिले. "एक शब्द कुणी सांगितला असता." तो शब्द सांगायला चिंधी होती, आणि ती माझ्या खिशात होती.

तेवढ्यात पुढच्या बाजूने लोपीस मास्तर आले. चालत येताना त्यांच्या तोंडावर माझं भाषांतर चुकल्यावरची कळा होती. हातात एक कागदी पाकीट होतं. त्यांनी मडमसाहेबांना उत्तम इंग्रजीत सगळं सांगितलं होतं. बाईंना फार वाईट वाटलं. त्या आत गेल्या आणि आपल्या स्वतःच्या बागेसाठी विलायतेहून मागवलेलं काकडीचं बियाणं आणून त्यांच्या हातावर ठेवलं, दोन्ही हातांनी. पाकिटावर हिरव्यागार, काठीसारख्या सरळ काकडीचं रंगीत चित्र आणि खाली बारीक टायपात, कुकुमिस सातीवुस. मास्तर म्हणाले, "मी काय बोलणार होतो?" आईने पाकीट घेतलं, चित्र पाहिलं, उलटं करून पाहिलं. मग पदरात बांधलं. दिलेलं बियाणं नाकारायचं नाही, हे तिच्या अंगात होतं.

माघात तिने ते पेरलं. इमानाने पेरलं, जे आपल्या बियाण्याला केलं असतं ते सगळं केलं. वेल आले, पानं पंख्याएवढी झाली, आणि चैत्राचं ऊन लागताच गळून पडली. आई त्या उन्हाळ्यात बाजारात वांगी आणि मिरच्या घेऊन बसू लागली. गिऱ्हाइकं येऊन विचारत, "न घासायची कुठे गेली?" ती म्हणे, "सरली." मी एकदा तिच्या मागे उभा होतो. तिने हे म्हटल्यावर मागे वळून माझ्याकडे पाहिलं नाही. मी परीक्षेत लॅटिनला पहिला आलो, तेही घरात कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.

पाऊस सुरू झाला, रोपं लागली, आणि एका दिवशी रहीमचाचा स्वतः मळ्यावर आले. छत्री मिटता मिटता म्हणाले, "बहेन, चल जरा. मला झाडातलं कळत नाही, पण बघ." राखेच्या ढिगाच्या कडेने, कोंबड्यांच्या जाळीवर, एक वेल चढला होता. कोंबड्यांनी एखादी बी सोडली असणार. चाचांनी त्याच्याभोवती काट्यांचं कुंपण केलं होतं आणि बंगल्याच्या माळ्याला बजावून ठेवलं होतं, की हे उपटलंस तर तुझा चहा बंद. आईने पान उलटं करून पाहिलं, देठाची लव पाहिली. काकडीच्या कुळाचा वेल कुणाचाही असू शकतो. शेजारच्या मळ्यातल्या कडू वेलाच्या फुलांचं वारं लागलेलं असू शकतं. फळ धरून तोडून खाईपर्यंत काही सांगता येत नाही, आणि तोवर ते साहेबाच्या अंगणात, आमच्या हातात काहीही नाही. आई दर बाजारच्या दिवशी वाट वाकडी करून तिकडून येई. आबा विचारत, "हाय?" ती म्हणे, "हाय."

पहिली काकडी खाण्याजोगी झाली तेव्हा चाचांनी निरोप पाठवला. आम्ही गेलो. लोपीस मास्तरही आले, कोट घालून, जणू परीक्षेला. आईने देठाशी काकडी तोडली, कंबरेचा विळा काढला आणि डोकं कापलं. चकती हातात राहिली. सगळं जग ती आता कापलेल्या तोंडावर घासतं. आईने ती घासली नाही. सरळ तोंडात टाकली. देठाकडची, सगळ्यांत कडू असते ती. आम्ही तिघे तिच्या जबड्याकडे पाहत उभे. कोंबड्यासुद्धा गप्प होत्या असं मला आठवतं, पण ते खरं नसेल. ती सावकाश चावत राहिली, गिळलं, आणि मग एक तुकडा चाचांना दिला, एक मास्तरांना. मला दिला नाही. पण मास्तरांच्या तोंडावरून मला कळलं.

पुढे त्या वेलावरच्या बियांपासून आमचा मळा पुन्हा उभा राहिला. अगदी पहिल्यासारखा नाही. रंग थोडा फिका आला आणि पाटीत एखादी काकडी कडू निघू लागली, म्हणून आई गिऱ्हाइकाला "घासायची गरज नाही" असं पुन्हा कधी म्हणाली नाही. माझ्या सुना आजही घासतात. मी जेवताना ते बघतो आणि ताटात बघू लागतो.

पण त्या दिवशी, राखेच्या ढिगाशेजारी, आईने कमरेची ती चिंधी काढली, मळलेली, लुगड्याच्या काठाची, आणि वेलावरच्या दुसऱ्या फळाला बांधायला घेतली. मला वाटलं, आता काहीतरी बोलायला हवं. म्हटलं, "आई, गंमत बघ. हिला कुणी पेरलंच नाही. म्हणजे ही आता सातीवुस नाही. आपोआप आलेली, म्हणजे सिल्वेस्ट्रिस."

लोपीस मास्तरांनी कपाळाला हात लावला. आईने गाठ घट्ट केली, ओढून पाहिली, आणि माझ्याकडे न बघता रहीमचाचांना म्हणाली, "बघा चाचा. येल न पेरता आला, त्यो गोड निघाला. आन् ह्याला आमी पेरून, निंदून, पाणी देऊन वाढवला, तर हे उगवलं."